विश्लेषण : विंडोज १०ची जादा मुदत १३ ऑक्टोबरला संपणार, मारेगावच्या सेवा केंद्रातले संगणक सांभाळणार कोण?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. घरगुती वापरकर्त्यांना दिलेली एका वर्षाची जादा मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ रोजी संपत आहे. तालुक्याच्या गावात, जिथे ‘सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हे पदच अस्तित्वात नसते, तिथे या तारखेचा अर्थ काय? हाताशी असलेली कोणती मोफत साधने उपयोगी पडतात? आणि हे काम नक्की कोणाचे?

मारेगावात ‘सिस्टीम अ‍ॅडमिन’ कोण?

पुण्यातल्या कंपनीत सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे वातानुकूलित सर्व्हर रूमची किल्ली ज्याच्याकडे असते तो. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावात हे काम कोण करते, असे विचारले तर उत्तर सरळ मिळत नाही. ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक, आपले सरकार सेवा केंद्राचा चालक, शाळेतले संगणकाची आवड असलेले सर, पतसंस्थेतला ‘ज्याला कॉम्प्युटरचे समजते’ तो तरुण कर्मचारी. यांच्यापैकी कुणाच्याही नेमणूकपत्रात संगणकाची देखभाल लिहिलेली नसते. पण प्रिंटर अडला, ठसा घेणारे यंत्र ओळखले जाईना, पडदा निळा झाला, की हाक त्यांनाच जाते.

पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली की केंद्रासमोर रांग लागते. ‘भाऊ, साइट चालून राह्यली का?’ हा प्रश्न दिवसभरात शंभरदा येतो. साइट चालत असते, पण समोरचा संगणक ‘अपडेट सुरू आहे, बंद करू नका’ म्हणत ३० टक्क्यांवर थांबलेला असतो. रांगेतल्या माणसासाठी दोन्हीचा अर्थ एकच, आजची मजुरी बुडाली. त्यामुळे अनेक चालक शेवटी अपडेटच कायमचे बंद करून टाकतात. त्यांचा हा निर्णय चुकीचा आहे, पण तो का घेतला जातो हे समजून न घेता ‘अपडेट करा’ असा उपदेश करणे फुकट आहे.

शेतकरी ओळख क्रमांक, ई-पीक पाहणी, सातबारा, रेशन कार्ड, भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीसाठी कपास किसान अ‍ॅपवरची नोंदणी. कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या या तालुक्यात शेतकऱ्याचे बहुतेक कागद आता कुठल्या तरी पडद्यातून जातात. काहींचे काम स्वतःच्या मोबाइलवर होते. ज्यांचे होत नाही, ते केंद्रात येतात. म्हणजे केंद्रातला संगणक हे आता सरकारी कार्यालयाचेच एक दार झाले आहे.

१३ ऑक्टोबरला नक्की काय होणार?

विंडोज १० बाजारात आले २९ जुलै २०१५ रोजी. दहा वर्षांनी मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार काढून घेतला. याचा अर्थ संगणक बंद पडणार असा नाही. तो चालूच राहील, सातबाराही निघेल. फक्त नवे भोक सापडले तर ते बुजवले जाणार नाही. घराचे कुलूप तेच, पण त्याची किल्ली कशी बनवायची हे गावभर झाले तरी कुलूप बदलून मिळणार नाही, असे समजा.

घरगुती वापरासाठी एका वर्षाची ‘वाढीव सुरक्षा अपडेट’ योजना आली. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती मोफत मिळते, नाहीतर ३० डॉलर पडतात. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर तिची नोंदणीची लिंक दिसते. संगणकावर विंडोज १०ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते. नोंदणी आजही करता येते. पण ही योजना वैयक्तिक संगणकांसाठी आहे. संस्था आणि कार्यालयांसाठी वेगळी, सशुल्क योजना आहे. त्यात पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट, आणि दुसऱ्या वर्षी सामील झालात तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावेच लागतात. ही मुदत १० ऑक्टोबर २०२८ पर्यंत जाते. जुन्या संगणकाची बाजारातली किंमत बघता हा सौदा बहुतेक छोट्या संस्थांना परवडणारा नाही.

एक गैरसमज दूर केला पाहिजे. विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडर अँटिव्हायरसला नव्या व्हायरसच्या ओळखी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत. त्यामुळे ‘माझे अँटिव्हायरस तर अपडेट होते आहे’ असे वाटून निर्धास्त राहणारे बरेच असतील. अँटिव्हायरस म्हणजे राखणदार. भिंतीतले भोक राखणदाराने बुजत नाही.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा म्हणजे सोयाबीनची काढणी आणि कापसाची पहिली वेचणी. यंदा त्याच दिवसांत नवरात्रही आहे. केंद्रात कामाची गर्दी वाढण्याचा आणि संगणक उघडे पडण्याचा मुहूर्त एकच निघाला आहे.

एक अपडेट राहिले तर एवढे काय बिघडते?

याचे उत्तर ३१ जुलै २०२४ रोजी देशभरातल्या छोट्या बँकांच्या ग्राहकांना मिळाले. सी-एज टेक्नॉलॉजीज ही टीसीएस आणि स्टेट बँकेची भागीदारीतली कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. हल्ला पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, तिला देशाच्या पेमेंट व्यवस्थेपासून तोडले आणि सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. देशाच्या एकूण पेमेंटमध्ये या बँकांचा वाटा अर्धा टक्क्याच्या आसपास, त्यामुळे महानगरांत फारसे कुणाला कळलेही नाही. ज्याचे खाते फक्त अशाच बँकेत आहे, त्याच्यासाठी मात्र तो शंभर टक्के बंद होता.

सुरुवात कुठून झाली? क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार, एका भागीदार कंपनीच्या ‘जेनकिन्स’ सर्व्हरची मांडणी चुकीची होती. जेनकिन्स हे प्रोग्रामरांचे रोजचे, मोफत साधन आहे. त्यातले ज्या भोकाकडे हे विश्लेषण बोट दाखवते, ते २४ जानेवारी २०२४ रोजीच जाहीर झाले होते आणि दुरुस्तीही त्याच दिवशी उपलब्ध झाली होती. हल्ला झाला सहा महिन्यांनी. मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. कुणी अतिहुशार चोर लागला नाही. कुणीतरी एक मोफत अपडेट टाकायचे राहिले.

महाराष्ट्राला हे नवे नाही. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय व्हायरसची दुरुस्ती दोन महिने आधीच, १४ मार्चला, आली होती. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने जगभरातल्या मर्स्क कंपनीला गाठले आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. नॉटपेट्या वापरत असलेल्या भोकांपैकी एक तेच, मार्चमध्ये बुजवलेले, होते. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला होऊन राज्यभरातले ऑनलाइन काम अडले.

मग अपडेट आले की लगेच टाकायचे?

नाही. इथे ‘अपडेट करा’ म्हणणाऱ्यांची बाजूही तपासली पाहिजे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनेच पाठवलेल्या एका सदोष फाइलने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर ज्या संगणकांनी ती उचलली होती ते एकेक करून हाताने दुरुस्त करावे लागले. १४ ऑक्टोबर २०२५ च्या मासिक अपडेटनंतर तर विंडोज ११च्या रिकव्हरी पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. म्हणजे संगणक बिघडल्यावर जिथे दुरुस्ती करायची, तिथेच हात बांधलेले. मायक्रोसॉफ्टला २० ऑक्टोबरला तातडीची दुरुस्ती पाठवावी लागली.

अनुभवी अ‍ॅडमिन यावर एक साधी पद्धत वापरतात. आधी एका कमी महत्त्वाच्या यंत्रावर अपडेट टाकतात, दोन-तीन दिवस बघतात, मग बाकीच्यांवर. मारेगावातल्या तीन संगणकांच्या केंद्रालाही हे जमते. मायक्रोसॉफ्टचे नियमित अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेतल्या सकाळी निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. म्हणून बुधवारी सकाळी केंद्र उघडल्यावर संगणक अडतो. तो योगायोग नसतो. बुधवारी फक्त एका यंत्रावर, तेही शेवटचा ग्राहक गेल्यावर, अपडेट होऊ द्यावे. त्या यंत्रावर प्रिंटर, ठसा यंत्र आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन चालते का ते गुरुवारी बघावे. शनिवारी संध्याकाळी बाकीची यंत्रे.

यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोज अपडेटच्या पानावर ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ नावाची सोय आहे. तिथे सकाळी आठ ते रात्री दहा अशी वेळ टाकली की त्या वेळेत संगणक आपोआप रिस्टार्ट होत नाही. गर्दीच्या आठवड्यात अपडेट पुढे ढकलायचे असेल तर ‘पॉज’ आहे, पाच आठवड्यांपर्यंत चालतो आणि नंतर आपोआप उठतो. अपडेटची सेवाच बंद करून टाकण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा, कारण माणूस विसरतो, पण पॉज विसरत नाही. तिसरी सोय ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’. ती चालू असेल तर एका संगणकाने उतरवलेले अपडेट त्याच वायफायवरचे बाकीचे संगणक त्याच्याकडून घेतात. मोबाइल हॉटस्पॉटवर केंद्र चालवणाऱ्यांचा डेटा यात बराच वाचतो.

विजेचे काय? अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली तर विंडोज बहुतेक वेळा स्वतःला मागे नेते, पण प्रत्येक वेळी नाही. छोटा यूपीएस नसेल तर अपडेटच्या रात्री ढग बघून निर्णय घ्यावा, हे मी गमतीने लिहीत नाही.

विंडोज नवे ठेवले, बाकीच्या सॉफ्टवेअरचे काय?

इथे बहुतेकांची गाडी घसरते. विनरार आठवा. ४० दिवसांच्या चाचणीवर वर्षानुवर्षे चालणारे हे सॉफ्टवेअर नाही, असा संगणक तालुक्यात सापडणे कठीण. त्यात एक गंभीर भोक सापडले आणि ३० जुलै २०२५ च्या ७.१३ आवृत्तीत ते बुजवले गेले. तोपर्यंत हल्लेखोर ते वापरतही होते. अडचण अशी की विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. कुणीतरी साइटवर जाऊन नवी प्रत उतरवावी लागते. सेव्हन-झिपचेही तसेच. केंद्रात रोज कुणाची ना कुणाची झिप फाइल उघडली जाते, तीही अनोळखी पेनड्राइव्हवरून.

एनीडेस्कचा मुद्दा त्याहून नाजूक. वणीचा किंवा यवतमाळचा तंत्रज्ञ मारेगावात न येता संगणक दुरुस्त करतो, तो बहुधा याच्या जोरावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले, जुने डिजिटल प्रमाणपत्र बदलले आणि नव्या प्रमाणपत्राची आवृत्ती वापरण्याचा सल्ला दिला. पेनड्राइव्हवर जपून ठेवलेला एनीडेस्कचा जुना सेटअप आजही फिरवला जात असेल तर तो फेकून द्या. आणि ‘अनअटेंडेड’ पासवर्ड, म्हणजे समोर कुणी नसतानाही संगणक उघडण्याची परवानगी, काढून टाका. कधीतरी मदत लागते एवढेच असेल तर विंडोजमधले क्विक असिस्ट पुरते. त्यात प्रत्येक वेळी नवा कोड द्यावा लागतो, हाच त्याचा फायदा.

एका साधनाची शिफारस मी मनापासून करेन, ते म्हणजे विंगेट. मायक्रोसॉफ्टचेच आहे, मोफत आहे, विंडोज ११ मध्ये आधीच असते; विंडोज १० मध्ये नसले तर स्टोअरमधून ‘अ‍ॅप इन्स्टॉलर’ घेतले की मिळते. काळ्या पडद्यावर इंग्रजीत विंगेट, एक जागा सोडून अपग्रेड, असे लिहून एंटर दाबले की कोणकोणती सॉफ्टवेअर जुनी झाली आहेत त्यांची यादी येते. त्याच ओळीपुढे दोन छोट्या आडव्या रेघा जोडून ऑल लिहिले की ओळखीची बहुतेक सॉफ्टवेअर एकामागून एक नवी होतात. क्रोम, विनरार, सेव्हन-झिप, पीडीएफ वाचक, सगळे एका ओळीत. जे काम करायला दुपार जायची ते चहा होईपर्यंत उरकते. सावधगिरी एकच, एखाद्या सरकारी पोर्टलला जावाची किंवा एखाद्या प्रोग्रामची ठरावीक जुनी आवृत्ती लागत असेल तर ‘ऑल’ न करता नाव घेऊन अपडेट करा.

फुकटात विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून देणाऱ्या फाइलींबद्दल एकच सांगतो. ती चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. घरात येणारा पाहुणा आधी कुत्रा बांधायला सांगतो ते ठीक, पण हा पाहुणा कोण हे तुम्हाला माहीत नसते.

बॅकअप घेतला, पण तो उघडून पाहिला का?

हा भाग मी स्वतःच्या चुकीपासून सुरू करतो. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका नातेवाइकाच्या झेरॉक्सच्या दुकानातला बॅकअप मी ‘ऑटोमॅटिक’ करून दिला होता. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा वापरली आणि तिला ‘मिरर’ लावले. मिरर म्हणजे आरसा, मूळ फोल्डरमध्ये जे असेल तेच दुसऱ्या डिस्कवर ठेवायचे. एक दिवस मूळ फोल्डरमधल्या फाइली कुणाच्या तरी हातून उडाल्या. संध्याकाळी आरशाने इमानदारीने दुसऱ्या डिस्कवरच्याही उडवल्या. लग्नपत्रिकांचे तीन वर्षांचे नमुने गेले. रॅन्समवेअर आले असते तरी हेच झाले असते. कुलूपबंद फाइली आनंदाने बॅकअपवर चढल्या असत्या.

तेव्हापासून मी दोन डिस्क सांगतो. एक या आठवड्यात, दुसरी पुढच्या आठवड्यात, आणि काम झाले की दोन्ही संगणकापासून काढून ठेवायच्या. त्यातली एक दुकानात नाही, घरी. जगभरचे अ‍ॅडमिन यालाच ३-२-१ म्हणतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या जागा, एक बाहेर. संपूर्ण संगणकाचीच प्रत हवी असेल तर रेस्क्यूझिला हे मोफत साधन पेनड्राइव्हवरून चालते आणि बटने दाबून वापरता येते. महिन्यातून एकदा बॅकअपमधली कुठलीही एक फाइल उघडून बघावी. न उघडता ठेवलेला बॅकअप हा बॅकअप आहे की नाही, हे गरज पडेपर्यंत कळत नाही.

विंडोज ११ घेणाऱ्यांसाठी एक नवे संकट सांगून ठेवतो. २४एच२ आवृत्ती नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले तर डिस्क बहुतेक यंत्रांवर आपोआप बिटलॉकरने कुलूपबंद होते. तिची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जमा होते. दुकानदाराने घाईत स्वतःच्याच खात्याने संगणक सुरू करून दिला असेल, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्याकडे आहे. उद्या मदरबोर्ड गेला तर डेटाही गेला. ती किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा. कागद हॅक होत नाही.

काही तरी घुसल्याचा संशय आला तर?

मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले ऑटोरन्स आधी चालवावे. संगणक सुरू होताना कोणकोण आपोआप उठते, ते सगळे त्यात दिसते. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय निवडला की यादी छोटी होते आणि विचित्र नावे उठून दिसतात. अनोळखी नोंद लगेच पुसू नये, आधी तिच्यापुढची खूण काढून ती थांबवावी. माझ्या मते कॉलेजात चार वर्षांत शिकवलेल्या अर्ध्या विषयांपेक्षा हे एक साधन जास्त शिकवते.

केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर मोफत सफाई साधने मिळतात. पुण्याच्या क्विक हीलचे बॉट काढणारे साधन आणि सी-डॅकचे ‘यूएसबी प्रतिरोध’ त्यातलेच. दुसरे साधन अनोळखी पेनड्राइव्हला अटकाव करते, म्हणून केंद्रचालकांना अधिक कामाचे. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी सायबर घटना सहा तासांत कळवायची असते आणि नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपायच्या असतात. ग्रामपंचायतीतल्या परिचालकाला हे कुणी सांगितले असेल का, याबद्दल मला शंका आहे.

रोजच्या कामासाठी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ नसलेले साधे खाते वापरणे, आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन काम झाले की काढून ठेवणे, या दोन सवयींना एक रुपयाही लागत नाही. टोकन दिवसभर यूएसबीत लावून ठेवणे म्हणजे सहीचा शिक्का काउंटरवर ठेवून जेवायला जाणे.

नवा संगणक घ्यायचा की लिनक्स टाकायचे?

आधी खात्री करा की जुना खरोखर बाद आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. कित्येक यंत्रांत टीपीएम असते, फक्त बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम नावाने लपलेले असते. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक चालवून ‘चालणार नाही’ असे उत्तर आले, तर दुकानात जाण्याआधी बायोस उघडून बघा. २०१८ नंतर घेतलेल्या यंत्रांत हा खर्च वाचण्याची शक्यता चांगली आहे.

तिथेच सिक्युअर बूटचेही बघून घ्यावे. संगणक सुरू होताना तपासली जाणारी मायक्रोसॉफ्टची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून संपू लागतात, शेवटचे ऑक्टोबर २०२६ मध्ये. नवी, २०२३ची प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधून येतात. म्हणजे ज्याने अपडेट बंद करून ठेवले आहे, त्याला तीही मिळणार नाहीत.

लिनक्सची बाजू घेणारे मित्र मला नेहमी विचारतात की सगळेच लिनक्सवर का जात नाहीत. त्यांनी मारेगावच्या केंद्रात एक दिवस बसावे. आधार प्रमाणीकरणासाठी ठसा घेणाऱ्या यंत्रांची आरडी सर्व्हिस प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनलेली असते. झेरॉक्सच्या दुकानांचा लाडका कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर चालवणे हे धीराचे काम आहे. शिवाय श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले ठराव युनिकोडमध्ये नेल्याशिवाय वाचताच येत नाहीत. हे शेवटचे दुखणे विंडोज ११ घेतल्यानेही संपत नाही. ते फक्त ६४ बिटमध्ये येते, त्यामुळे फार जुने प्रोग्राम आणि जुन्या डोंगलचे ३२ बिट ड्रायव्हर तिथे बसत नाहीत. नवे यंत्र घेण्याआधी जुन्या फाइली युनिकोडमध्ये नेऊन ठेवणे शहाणपणाचे.

तरीही सगळ्या यंत्रांना ठसे घ्यायचे नसतात. शाळेची संगणक खोली, ग्रंथालय, फक्त टायपिंग आणि ब्राउझरचा संगणक. अशा ठिकाणी लिनक्स मिंट किंवा सी-डॅकचे बॉस लिनक्स व्यवस्थित चालते. मिंटची २२वी मालिका २०२९ पर्यंत अपडेट घेते. व्हेंटॉय वापरून एकाच पेनड्राइव्हवर मिंट, विंडोज ११ आणि रेस्क्यूझिला ठेवता येतात, आणि मिंट तर इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. प्रिंटर लागला तर टाका, नाही तर काहीच बिघडले नाही.

हे काम कोणाचे?

साधने जवळपास सगळी मोफत आहेत, हे आतापर्यंत लक्षात आले असेल. मोफत नाही तो वेळ. महिन्यातून दोन संध्याकाळी, एक यूपीएस, दोन डिस्क एवढीच मागणी आहे, पण ती करायची कुणाकडे हे ठरलेले नाही. संगणक परिचालक २०११च्या संग्राम प्रकल्पापासून गावोगावच्या ग्रामपंचायतींत काम करत आहेत आणि तेव्हापासून मानधन आणि दर्जा यांसाठी आंदोलने करत आहेत. ज्याला मानधनच वेळेवर मिळण्याची खात्री नाही, त्याने स्वतःच्या खिशातून डिस्क आणावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. खासगी केंद्रचालकाचे दुखणे वेगळे; त्याला दर अर्जामागे पैसे मिळतात, अपडेटच्या तासाला शून्य.

पंचायत समिती आणि तहसील पातळीवर तीन गोष्टी करता येतील, त्यासाठी मुंबईच्या शासन निर्णयाची वाट बघण्याचे कारण दिसत नाही. तालुक्यातल्या सरकारी व सेवा केंद्रांच्या संगणकांची यादी करणे. कोणती यंत्रे विंडोज ११ घेतील, कोणती लिनक्सवर जातील, कोणती बाद, एवढे तीन रकाने पुरेत. प्रत्येक यंत्रासमोर जबाबदार माणसाचे नाव लिहिणे आणि त्या कामाचे तास त्याच्या हजेरीत धरणे. आणि दुसऱ्या मंगळवारनंतरच्या शनिवारी दुपारी तीननंतर केंद्र देखभालीसाठी बंद राहील, अशी पाटी अधिकृतपणे लावू देणे. ही पाटी वरून आली तर रांगेतला माणूस चालकावर चिडत नाही. आज ती चालकाने स्वतःच्या मनाने लावली, तर तक्रार त्याच्याच नावाने होते.

यादी करायला फार वेळ लागत नाही. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबायचे, इंग्रजीत विनव्हर लिहायचे, एंटर. आवृत्ती समोर येते. तिथे विंडोज १० दिसले, तर १३ ऑक्टोबरच्या रात्री साडेदहाच्या सुमारास येणारे अपडेट हे त्या संगणकाला जादा मुदतीत मिळणारे शेवटचे असेल, तेही आधी नोंदणी केली असेल तरच.